दालचा कळकला कशानं?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस माझ्याकडं राहायला आली होती. यंदा ती बारावी सायन्सला आहे. पहिल्याच संध्याकाळी तिनं रसायनशास्त्राचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "फुफी, हा एवढा मोठा तक्ता पाठ करायचा का?"

तक्ता होता प्रमाण इलेक्ट्रोड विभवांचा. एका बाजूला धातूंची नावं, दुसऱ्या बाजूला व्होल्टमध्ये आकडे, काही ऋण, काही धन. कॉलेजात हा तक्ता मी सत्तावीस वर्षं शिकवला. तिला म्हटलं, "आकडे पेपरात देतात. ते वापरायचे कसे, एवढंच यायला हवं." मग आम्ही चहा घेऊन बसलो आणि तास-दीड तासात तिला ते छान जमलं. त्यानंतर तिनं जो प्रश्न विचारला, त्यानं मला थेट 1989 साली नेऊन पोहोचवलं. त्या साली याच तक्त्याच्या आधारावर मी एक चुकीची साक्ष दिली होती, आणि तिची किंमत एका गरीब बावर्च्यानं मोजली होती.

आधी तक्ता समजून घेऊ, म्हणजे चूक कळेल.

धातू विरघळतो म्हणजे काय होतं? त्याचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडतात आणि आयन होऊन पाण्यात जातात. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. पण सोडलेले इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यायला हवेत. जो घेतो त्याचं क्षपण होतं. देणारा आहे आणि घेणारा नाही, असं कधी घडत नाही. दोन्ही क्रिया जोडीनंच होतात, म्हणून त्या जोडीला रेडॉक्स अभिक्रिया म्हणतात. इलेक्ट्रॉन घ्यायची कुणाला किती ओढ आहे, ते तक्त्यातला आकडा सांगतो. मोजायला कुठून तरी सुरुवात हवी, म्हणून हायड्रोजनची ओढ शून्य मानली आहे. तिच्या तुलनेत सोन्याच्या आयनाची ओढ 1.50, चांदीच्या आयनाची 0.80 आणि तांब्याच्या आयनाची 0.34. दुसऱ्या बाजूला कथिल वजा 0.14, लोखंड वजा 0.44, जस्त वजा 0.76, अ‍ॅल्युमिनियम वजा 1.66. आकडा जितका ऋण, तितका तो धातू इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ.

आता एखादा धातू एखाद्या द्रावणात टाकला तर काही होईल का, हे हात न लावता सांगता येतं. घेणाऱ्याच्या आकड्यातून देणाऱ्याचा आकडा वजा करायचा. उत्तर धन आलं तर अभिक्रिया आपोआप होऊ शकते, ऋण आलं तर होत नाही. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाका. घेणारं तांबं 0.34, देणारं लोखंड वजा 0.44. वजाबाकी केली की 0.78 येतं. थोड्याच वेळात खिळ्यावर तांबूस थर दिसतो आणि तासाभरात निळं पाणी फिकं पडायला लागतं. उलटं करा, लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात तांब्याची तार टाका. उत्तर वजा 0.78. तार आठवडाभर ठेवली तरी तशीच राहील. तांब्याची तार चांदीच्या क्षारात टाकली तर 0.80 वजा 0.34 म्हणजे 0.46. तारेवर चांदीचे बारीक काटे उगवतात आणि पाणी निळं होतं. प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

इथं मुलं एक चूक हमखास करतात. समीकरण जुळवताना चांदीची बाजू दोननं गुणावी लागते, म्हणून 0.80 लाही दोननं गुणतात. तसं करायचं नाही. आयन एक असो की हजार, ओढ तेवढीच राहते. माझ्या भाचीनंही तेच केलं आणि मग स्वतःच जीभ चावली.

तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, द्राक्षबागायतदार आहे. बागेवर तो बोर्डो मिश्रण फवारतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या नावानं ओळखलं जाणारं हे औषध 1885 सालापासून जगाला माहीत आहे. एक किलो मोरचूद, साधारण तेवढाच चुना आणि शंभर लिटर पाणी. चुना कमी पडला तर मोकळं तांबं उरतं आणि पानं करपतात. म्हणून फवारायच्या आधी भाऊ घासून लखलखीत केलेला विळा मिश्रणात धरतो. पात्यावर तांबडा थर आला की आणखी चुना घालतो. लोखंडी पिंपात तो हे औषध कधी कालवत नाही. त्याला 0.78 हा आकडा माहीत नाही, आमच्या अब्बांनाही माहीत नव्हता. हे ऐकल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे पप्पा रोज रेडॉक्स करतात आणि मला म्हणतात मला तुझ्या अभ्यासातलं काही कळत नाही!"

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. "फुफी, आम्लात हायड्रोजनचे आयन असतात, त्यांचा आकडा शून्य. तांब्याचा 0.34. शून्य वजा 0.34 म्हणजे उत्तर ऋण. म्हणजे तांबं आम्लात विरघळत नाही. मग दादी चिंचेचं काही तांब्याच्या भांड्यात का ठेवू देत नाही?"

नेमकं हेच, ह्याच शब्दांत, मी छत्तीस वर्षांपूर्वी बोलले होते. फक्त प्रश्न म्हणून नव्हे, निकाल म्हणून.

माझ्या आजोळी मामूंच्या मोठ्या मुलाचा वलीमा होता. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि खानदानात विज्ञान शिकणारी पहिली मुलगी म्हणून माझ्या शब्दाला भलताच भाव होता. बावर्ची पंचक्रोशीतला नावाजलेला. बगारा खाना आणि दालचा. दालच्यात गोश्त, दुधी आणि चिंचेचा चांगला दाट कोळ. रात्री दहापर्यंत पंगती उठल्या, सगळ्यांनी बोटं चाटली. एका मोठ्या देगेत पाव हिस्सा दालचा उरला. ती देग मामूंच्या घरचीच, जुनी तांब्याची. रात्रभर ती मांडवात तशीच राहिली. सकाळी न्याहारीला मुलांनी आणि काही पाहुण्यांनी तो दालचा गरम करून भाकरीबरोबर खाल्ला. पाऊण तासाच्या आत एकेक जण पोट धरून उलट्या करायला लागला. चौदा जण. त्यांत सात वर्षांच्या आतली पाच मुलं होती. दोघांना तालुक्याच्या गावी सलाइन लावावं लागलं. दुपारपर्यंत, अल्लाहच्या कृपेनं, सगळे सावरले.

नानी त्या वेळी सत्तरीच्या पुढं होत्या. त्यांनी देगेत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "दालचा कळकला. देगेची कल्हई गेलीय." आत बघा म्हणाल्या. रस्सा जिथपर्यंत होता, नेमक्या त्या रेघेवर एक हिरवट कड आली होती. तिच्याखालचं तांबं उघडं, लालसर दिसत होतं.

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, चिंचेच्या आम्लानं ते विरघळूच शकत नाही, हे पुस्तकात सिद्ध केलेलं आहे. मग उरलं काय? गोश्त. बावर्च्यानं शिळं गोश्त आणलं असणार, असं दोघांतिघांनी म्हटलं आणि ते ठरून गेलं. त्या माणसानं हात जोडून सांगितलं की गोश्त पहाटे त्याच्या डोळ्यांदेखत कापलं होतं, आणि रात्री निघताना त्यानं देग रिकामी करायलाही सांगितलं होतं. त्याची अर्धी मजुरी कापली गेली. पुढं आमच्या नात्यात त्याला कुणी बोलावलं नाही. नानी गप्प बसल्या. शिकलेल्या नातीला चारचौघांत खोटं पाडणं त्यांना बरं वाटलं नसावं.

माझी वजाबाकी बरोबर होती. चूक अशी की घेणारा एकच आहे असं मी धरून चालले. चिंचेच्या पाण्यात हायड्रोजनचे आयन होते, पण देगेवर झाकण नव्हतं आणि हवा आत-बाहेर करत होती. हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, आणि आम्लाच्या सोबतीनं तो इलेक्ट्रॉन घेऊन स्वतःचं पाणी करतो. त्याचा आकडा आहे 1.23. त्यातून तांब्याचे 0.34 वजा करा, 0.89 उरतात. लोखंडाच्या खिळ्यापेक्षाही जास्त! हा आकडा तीव्र आम्लाचा आहे. चिंचेसारख्या सौम्य आम्लात तो थोडा उतरतो, तरी धनच राहतो, आणि चांगला भक्कम धन राहतो. नानींनी दाखवलेली हिरवी कड रश्श्याच्या पातळीवरच का होती, याचंही उत्तर इथंच आहे. तांबं, आंबट ओल आणि हवा हे तिघं त्या रेघेवर एकत्र येतात. तळाशी हवा पोहोचायला वेळ लागतो, काठाशी ती हजरच असते.

तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी पिणारे बरेच असतात. पाणी आंबट नसतं, म्हणून तिथं तांबं फार थोडं उतरतं. त्याच लोट्यात लिंबाचं सरबत, ताक किंवा कोकमाचं आगळ ठेवलं तर गोष्ट बदलते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. तांबं जास्त पोटात गेलं तर तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, पोटात कळा येतात आणि उलट्या होतात, आणि हे बहुतेक वेळा लवकर, तासाभराच्या आतबाहेरच होतं. आमच्याकडं पाऊण तास लागला होता. लहान मुलांना जास्त त्रास झाला तोही त्यांच्या वजनाच्या मानानं. तेव्हा यातलं काहीच मी जोडून पाहिलं नाही.

मग कल्हई नेमकं करते काय? कल्हई हा शब्द अरबी 'कलई'वरून आला, आणि कलई म्हणजे कथिल. मलायाच्या किनाऱ्यावरच्या कलह नावाच्या बंदरावरून हे नाव पडलं असं सांगतात. कल्हईवाला भाता फुंकून भांडं तापवतो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा काळा थर निघून जातो. मग कथिलाची कांडी टेकवायची, कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायची. कथिल 232 अंशांनाच वितळतं, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवर काम होतं. शेवटी भांडं पाण्यात बुडवलं की चर्रर्र असा आवाज. गल्लीतल्या पोरांना तो आवाज ऐकायला थांबायची मुभा असे.

पण तक्त्यात कथिल तर वजा 0.14 आहे, म्हणजे तांब्यापेक्षा जास्त उतावीळ. मग ते राखण कसं करणार? एकतर त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा असतो, आणि ते हळूहळू झिजतं. दुसरं म्हणजे, जे थोडं अन्नात उतरतं ते आतड्यांत फारसं शोषलं जात नाही. आणि तिसरं, कल्हईला ओरखडा पडला तर आधी कथिल जातं, तांबं नाही. पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो, तिथंही हेच. लोखंड उघडं पडलं तरी जस्त स्वतः विरघळून त्याला सांभाळतं. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं मात्र उलटं आहे. त्यात लोखंडावर कथिल असतं, आणि लोखंड कथिलापेक्षा उतावीळ. बाहेरून एक खोल चरा पडला की डबा तिथून भराभर गंजतो. कोण कुणाची राखण करील हे असं दोन आकड्यांवरून ठरतं. पण कल्हईचा थर किती पातळ! तो गेल्यावर राखणदारच उरत नाही. मामूंच्या देगेला किती वर्षांत कल्हई झाली नव्हती, हे कुणाला आठवतही नव्हतं.

एक गोष्ट मात्र हा तक्ता सांगत नाही, आणि ती घरातल्या बायकांनी जरूर लक्षात ठेवावी. शिशाचा आकडा वजा 0.13 आहे, कथिलाच्या अगदी शेजारी. तक्ता पाहून वाटेल दोन्ही सारखेच. पण शिसं हे विष आहे, आणि मुलांच्या मेंदूला तर फारच घातक. स्वस्तात काम करायचं म्हणून कथिलात शिसं मिसळलेली कल्हई होऊ शकते. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकर आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटवतं. मी कल्हईवाल्याला आधी कांडी मागते. पहिल्यांदा तो हसला होता, आता स्वतःच वाकवून दाखवतो.

सगळे घटक मोजले नाहीत म्हणून फसणारी मी पहिली नव्हते, हे वाचून नंतर थोडा दिलासा मिळाला. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत, आणि समुद्राचं पाणी ते खाऊन टाकी. 1824 साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीनं त्यांवर उपाय काढला. पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं खरोखर वाचलं. पण जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटायला लागलं, कारण तांबं थोडंथोडं विरघळत होतं म्हणूनच ते आजवर दूर राहत होतं. जहाजं संथ झाली आणि आरमारानं काही वर्षांतच तो नाद सोडला. आज लोखंडी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात ते मात्र डेव्हीच्याच हिशेबानं.

हे सगळं भाचीला सांगून झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ती वहीवर 0.89 हा आकडा गिरवत बसली. मग म्हणाली, "तुम्ही नंतर त्या बावर्च्याला सांगितलं का?"

ऑक्सिजनची गोष्ट मला एम.एस्सी.ला कळली होती, वलीम्यानंतर चार वर्षांनी. नानी तेव्हा हयात होत्या. त्यांना मी सांगितलं, त्या "बरं" एवढंच म्हणाल्या. बावर्च्याला सांगितलं नाही. लाज वाटली, मग लग्न, नोकरी, आणि मग राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात आजोळी गेले होते. तो बावर्ची जाऊन बारा वर्षं झाली. त्याचा मुलगा आता मंडप आणि भांडी भाड्यानं देतो, मोठी अदब असलेला माणूस. अंगणात बसून मी त्याला सगळं सांगितलं. कापलेली मजुरी त्याच्या पुढं ठेवली, आजच्या हिशेबानं. त्यानं ती घेतली नाही, गावातल्या मदरशाच्या मुलांच्या जेवणाला द्या म्हणाला. "अब्बा शेवटपर्यंत सांगायचे," तो म्हणाला, "गोश्त ताजं होतं, आणि मी देग रिकामी करा म्हटलं होतं."

मग त्यानं त्याची भांडी दाखवली. तांब्याच्या देगा आता दोनच उरल्यात, दोन्हींना ताजी कल्हई. बाकी सगळी अ‍ॅल्युमिनियमची. "यांचं काय?" त्यानं विचारलं. मी सांगितलं की तक्त्यात अ‍ॅल्युमिनियम सगळ्यांत उतावीळ धातूंपैकी आहे, वजा 1.66. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा बसतो म्हणून ते टिकतं, पण चिंच, टोमॅटो आणि मीठ त्या पापुद्र्याला कुरतडतात. शिजवायला हरकत नाही, आंबट रस्सा रात्रभर ठेवू नये. आणि स्टीलच्या परातीतल्या आंबट कालवणावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद दाबून लावला, तर जिथं रस्सा कागदाला टेकतो तिथं कागदाला बारीक भोकं पडतात.

"हां, पडतात," तो एकदम म्हणाला. "आम्ही समजायचो कागदच हलका आलाय."